पाण्याशी संबंध नसलेली भेटवस्तू

मी छत्री म्हटलं आणि शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना तोंडावर शिवी हासडली होती.

मे महिना लागला होता. बदलापुरात घरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या बिल्डर कंपनीने त्यात स्टॉल घेतला होता. स्टॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला एक छोटी भेटवस्तू द्यायची आणि जे नावपत्ता लिहून चिठ्ठी टाकतील त्यांच्यातल्या एकाला सोडतीत मोठं बक्षीस, असं ठरलं होतं. या वस्तू निवडायचं काम माझ्यावर आलं. मी या ऑफिसात बरीच वर्षं आहे. फोन घेते, गिऱ्हाइकांना साइट दाखवते, करारनाम्याच्या तारखा सांभाळते. बाई आहे म्हणजे देण्याघेण्यातलं हिलाच कळणार, असं शेठनी परस्पर धरून टाकलं. त्याचा मला राग आला नाही, कारण ते मला खरंच कळतं. पावसाळा तोंडावर आलेला असताना बदलापूरकराला छत्रीइतकी उपयोगी वस्तू दुसरी कुठली? वर कंपनीचं नाव छापलं की चार महिने ते स्टेशनापासून भाजीबाजारापर्यंत फुकटात फिरत राहील.

"छत्री?" शेठ म्हणाले. "मॅडम, दिमाग ठिकाने पर है ना? आपण मांजर्लीत, नदीकाठी फ्लॅट विकतोय. गिऱ्हाइकाच्या हातात छत्री दिली तर त्याला पहिलं काय आठवेल?"

"पाऊस," मी म्हटलं.

"आणि पावसानंतर?"

पावसानंतर काय आठवतं ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

त्या दिवसापासून नियमच झाला की पाण्याची आठवण करून देणारं काही नको. रेनकोट तर नाहीच. मी पाण्याची बाटली सुचवली, नको. थर्मास सुचवला, त्यात चहा राहतो म्हटलं, तर म्हणाले लोक त्यात पाणीच भरतात. एक विक्रेता बादली आणि मगाचा सुंदर संच नमुना म्हणून घेऊन आला होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. भिंतीवरच्या घड्याळांचा एक नमुना मला आवडला होता, पण त्याच्या तबकडीवर होडीचं चित्र होतं. होडी पाहून शेठ खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आता सांगताना हसू येतं, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कारण ज्या टेबलावर हे नमुने यायचे आणि जायचे, त्याच टेबलावर आमच्या नव्या इमारतीची गुळगुळीत माहितीपत्रकं पडलेली असायची आणि त्यांच्या पहिल्याच पानावर उल्हास नदी होती. निळीशार, संथ, आणि बाल्कनीत कॉफीचा कप घेऊन तिच्याकडे बघत बसलेली एक गोरी बाई. खाली लिहिलेलं, "नदीकाठचं निवांत आयुष्य". नदीच्या नावावर भाव वाढवायचा, आणि नदीत पाणी असतं हे मात्र कोणाला आठवू द्यायचं नाही! इतका निर्लज्जपणा माणसाला जमतो कसा, हा प्रश्न मला रोज पडायचा आणि रोज मी चहाबरोबर तो गिळायचे. पगार तिथूनच येत होता.

मी स्वतः मांजर्लीत राहते, तळमजल्यावर. वडील अंबरनाथला केमिकल फॅक्टरीत होते. निवृत्त झाल्यावर मिळालेलं सगळं त्यांनी या घरात घातलं. खिडकीतून झाडं दिसतात, जिना चढायला नको, म्हातारपणी बरं, असं म्हणाले होते. ते गेल्यापासून घरात मी आणि आई. मोठा पाऊस लागून राहिला की नदी आमच्या बाजूला येते. दर वर्षी येत नाही, हे खरं आहे, आणि शेठ सगळ्यांना एवढंच सांगतात. पण ज्या वर्षी येते त्या वर्षी ती दारातून येईल म्हणून आपण दाराकडे बघत बसतो आणि ती न्हाणीघराच्या जाळीतून वर येते. पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. आई भाताचं पातेलं उचलून ओट्यावर ठेवायला गेली. मग ओट्यावर पाणी आलं, तेव्हा ते तिने फ्रिजवर ठेवलं. फ्रिज तरंगायला लागल्यावर मात्र आम्ही पातेलं तिथेच सोडलं आणि जिन्याकडे निघालो.

भांडी धुता येतात, गाद्या फेकता येतात. कागदांचं काय करायचं? पाणी उतरल्यावर आईने कपाटातून वडिलांच्या फॅक्टरीचे कागद, घराचा करारनामा, माझ्या मार्कशीटा असा एकच ओला गठ्ठा बाहेर काढला. आम्ही दोघींनी तो पान पान सोडवला आणि जुन्या लुगड्याच्या दोन घड्यांमध्ये ठेवून त्यावर इस्त्री फिरवली. घरात चिखलाचा आणि भाजलेल्या कागदाचा वास भरून राहिला होता. माझी बारावीची मार्कशीट वाचली, पण पापडासारखी झाली. अजून ती कुठे दाखवायची वेळ आली की खिडकीपलीकडचा माणूस ती उलटसुलट करून बघतो आणि मग माझ्याकडे बघतो, जणू मीच ती घरी बनवली आहे.

त्यानंतर आमच्या इमारतीत एक पद्धत पडली. तळमजल्यावरच्या प्रत्येक घरात दाराच्या चौकटीवर एक खिळा असतो. पावसाळा सुरू व्हायच्या आत त्या खिळ्यावर प्लास्टिकची एक पिशवी टांगायची. आत घराचे कागद, आधार, रेशनकार्ड, पासबुकं, औषधांच्या चिठ्ठ्या. ती गणपती जाईपर्यंत तिथेच. तिला सगळे "वरची पिशवी" म्हणतात. कारण पाणी आलं की ती काढायची आणि वर जायचं. कुठे जायचं तेही ठरलेलं असतं, तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला वरचं एक घर. आमचं तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे राहणारे भाऊ जांभूळ गावात नदीवरच्या पाणी योजनेवर कामाला आहेत. नदी चढू लागली की त्यांचा पहिला फोन आम्हांला येतो आणि वहिनी खालून वर येणाऱ्यांसाठी चहाचं आधण ठेवते. कोणी हे लिहून दिलेलं नाही, पण बारशाला कोणाला बोलवायचं हे जसं ठरलेलं असतं तसं ते ठरलेलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा फ्लॅट आम्ही विकायला काढला होता. आईला अंबरनाथला माझ्या मावशीजवळ जायचं होतं, उंचावरच्या वस्तीत. एजंट अधूनमधून गिऱ्हाईक घेऊन यायचा. येण्याआधी त्याचा फोन आला की आई स्टुलावर चढायची, वरची पिशवी खिळ्यावरून काढायची आणि पिठाच्या डब्यामागे ठेवायची. गिऱ्हाईक गेलं की परत टांगायची. याबद्दल आम्ही दोघी कधी एक शब्द बोललो नाही.

तर अशी मी, भेटवस्तू शोधायला उल्हासनगरला गेले. तिथल्या कॅम्प दोन या भागात एका गल्लीत भेटवस्तूंचं घाऊक दुकान आहे. दुकानदार एक वयस्क सिंधी काका. त्यांच्या समोर किचेन, पेनं, मोबाइलचे स्टँड, लाफिंग बुद्धा, देवाच्या तसबिरी, सगळं छताला लागलेलं.

"ताई, एक बात बताओ," ते म्हणाले, "आपलं गिऱ्हाईक घरी जाऊन ही वस्तू कुठे ठेवणार? किचेन खोक्यात जाते. पेन मुलं घेऊन जातात. भिंतीवर राहील असं काहीतरी द्या, मग रोज तुमचं नाव दिसेल."

असं म्हणून त्यांनी मागून एक वस्तू काढली. जाड प्लास्टिकची, चेनवाली, कागद ठेवायची पिशवी. वर टांगायला पितळी कडी. "ऑफिसवाले नेतात. क्वालिटी देखो," ते म्हणाले आणि पाणी प्यायच्या ग्लासातलं पाणी त्यांनी सरळ तिच्यावर ओतलं. मग ती झटकली, चेन उघडली, आतला कोरडा कागद माझ्या हातावर ठेवला. "एक थेंब गेला असेल तर पैसे परत."

मला इतकं हसू आलं की काका बावरले. "काका, पाण्याचं नाव काढू नका," मी म्हटलं, "आमचे शेठ रागावतात."

तिथे, त्या काउंटरवर, मी ठरवलं. मी मुद्दाम केलं, हे आत्ताच सांगून टाकते, नंतर मला कोणी भोळी समजायला नको. शेठना पाण्याशी संबंध नसलेली वस्तू हवी होती ना? मग ही घ्या. ज्याला कळायचं त्याला कळेल.

शेठना ती प्रचंड आवडली. "फ्लॅटचे पेपर ठेवायला! एकदम क्लास!" त्यांनी पिशवी हातात घेऊन आतबाहेर पाहिली. पितळी कडी दाखवून विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "टांगायला." ते म्हणाले, "वा." पिशवीवर घराचं चित्र आणि खाली "आपल्या घराचे कागद, कायम सुरक्षित" असं छापून आलं. ते वाचून मला आईची इस्त्री आठवली.

सोडतीचं मोठं बक्षीसही मीच निवडलं. वॉशिंग मशीन मी सुचवलंच नाही, उत्तर माहीत होतं. टीव्ही सुचवला, भिंतीवर लावायचा, मोठा. चिठ्ठी कोणीही टाकू शकतो, घर घेणारा आणि नुसता हिंडायला आलेलाही, आणि ज्याचं नाव निघेल तो टीव्ही नेईल. मला ते आवडलं होतं. स्टॉलवर तो लावला तेव्हा टीव्ही कंपनीची नमुन्याची फिल्म सुरू झाली, तर त्यात धबधबा आणि रंगीत मासे. "बंद करा ते!" शेठ मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडत आले. मग टीव्ही स्टॉलवर होता तोवर त्याच्यावर वाळवंटात पळणारे उंट दिसत होते.

पहिल्या दिवशी मजा आली. शेजारच्या स्टॉलवर स्टेशनच्या पूर्वेकडच्या, नदीपासून लांबच्या एका बिल्डरने छत्र्या वाटायला काढल्या होत्या आणि तिथे झुंबड होती. शेठ तिकडे बघून नुसते धुमसत होते. पण संध्याकाळकडे आमच्याकडेही बायका जमायला लागल्या, आणि त्या सगळ्या मांजर्लीच्या.

"अगं, ही तर वरची पिशवी!" एकीने कडीत बोट घालून पिशवी उंच धरली.

"बिल्डर आत्तापासूनच देऊन राहिला का? वा रे वा!" दुसरी म्हणाली. "मला दोन दे गं, सासूबाईंच्या औषधांची वेगळी लागते."

त्या हसत होत्या, मी हसत होते, आणि शेठ लांबून अंगठा वर करून मला शाबासकी देत होते. गर्दी झाली म्हणजे माल आवडला, एवढंच त्यांना कळत होतं. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, मी जिंकले. आपल्यापैकी बहुतेकांचा राग असाच असतो. थोडी गंमत केली की भागतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी स्टॉलवर आले तर टीव्हीच्या शेजारी नवा फलक उभा. लाल अक्षरांत: "तळमजला आजच बुक करा, टीव्ही आजच घरी न्या!"

मी शेठना विचारलं, "आणि सोडत?"

"सोडत होणार ना. मिक्सर देऊ त्यात. लोकांना चिठ्ठी टाकायला काय, मजा वाटते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, वरचे फ्लॅट आपोआप जातात. तळमजले अडकलेत."

"का अडकलेत ते तुम्हांला माहीत आहे."

"म्हणून तर टीव्ही," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही शरम नव्हती. उलट धंदा शिकवत असल्यासारखा मोकळेपणा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना मांजर्ली माहीत आहे ते तळमजल्याला हात लावणार नाहीत, टीव्ही दिला तरी आणि हत्ती दिला तरी. म्हणजे ते बक्षीस कोणासाठी होतं? ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी. लांबून आलेल्यासाठी, गुडघे दुखणाऱ्यासाठी, आयुष्यभर जिने चढून दमलेल्यासाठी. आणि ते मी निवडलेलं होतं, आकार बघून, रंग बघून, दुकानात उभी राहून. माझ्या निवडीचा त्याने गळ केला होता.

दुपारी एक वयस्क जोडपं आलं. काका पांढऱ्या शर्टातले, खिशाला पेन लावलेले. काकूंच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला काकांचा आधार. मुंबईत तिसऱ्या मजल्यावर खोली होती, लिफ्ट नाही. ती विकून आता जमिनीला लागून घर हवं होतं. काकूंना मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि रिवाजाप्रमाणे पिशवी दिली. त्यांनी ती मांडीवर नीट सपाट करून ठेवली.

"लग्न होऊन गेले त्या दिवसापासून जिने चढतेय," त्या मला म्हणाल्या. "आता दार उघडलं की अंगण, असं पाहिजे. एक तुळस लावेन, दोन कुंड्या मोगऱ्याच्या." मग टीव्हीकडे बघून लाजल्यासारख्या हसल्या. "आणि हा पण देणार म्हणे. आमचा फार लहान आहे, ह्यांना दिसत नाही."

काकांनी नकाशा नीट पाहिला. ते मूर्ख नव्हते. चेकबुक बाहेर काढलं होतं तरी उघडलं नव्हतं. त्यांनी शेठना सरळ विचारलं, "नदी इतकी जवळ आहे म्हणता. पावसाळ्यात पाण्याचा काही त्रास?"

आणि शेठनी, त्या माणसाने, माझ्या खांद्यामागे येऊन म्हटलं, "काका, मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल बिल्डर बोलतोय. आमच्या मॅडमनाच विचारा. स्वतः मांजर्लीत राहतात, तळमजल्यावर. त्रास असता तर राहिल्या असत्या का?"

काका माझ्याकडे वळले. काकूही. कोणी मला इतक्या विश्वासाने क्वचितच विचारलं असेल.

भोवती बरेच लोक होते. कालच्या बायकांपैकी दोघीतिघी उभ्या होत्या. शेजारच्या स्टॉलला टेकून काही एजंट उभे होते, आणि त्यांच्यात आमचाही होता, आमच्या घराची जाहिरात ज्याच्या फोनमध्ये होती तो. मी तोंड उघडलं तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बदलापुरात जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. अंबरनाथची मावशी दिसत होती. स्टुलावर चढलेली आई दिसत होती. नाही, एवढाच एक शब्द पुरला असता. "नाही हो काका, काही त्रास नाही." शेठ रोज असं बोलतात आणि त्यांना रात्री झोप लागते. मलाही लागली असती कदाचित, चार दिवसांनी.

पण त्या माणसाने मला पुरावा म्हणून उभं केलं होतं. माझं घर, माझा चिखल, आईने इस्त्री केलेले कागद, सगळं त्याने आपल्या फलकाशेजारी मांडलं होतं, टीव्हीसारखं. ते मला सहन झालं नाही.

"काकू," मी म्हटलं, "ही पिशवी दिली ना तुम्हांला, ती कशाला असते सांगते. घरात गेल्यावर दाराच्या चौकटीवर एक खिळा मारायचा. त्यावर ही टांगायची. त्यात घराचे कागद, आधार, गोळ्या. पावसाळाभर ती काढायची नाही."

"का बरं?" काकूंनी विचारलं.

"पाणी आलं की हातात घेऊन वर जायला. वरचं एखादं चांगलं घर आधीच बघून ठेवा. आमचं तिसऱ्या मजल्यावर आहे. तुम्हांला जिना चढायला वेळ लागेल, म्हणून न्हाणीघराच्या जाळीतून पाणी दिसलं की निघायचं, दारात यायची वाट बघायची नाही."

"मॅडम मजाक करतायत," शेठ हसले.

"पाणी केवढं येतं?" काकांनी विचारलं.

मी टीव्हीपाशी गेले. तो भिंतीवर लावलेला होता, घरात लावतात तसाच, बसून बघायच्या उंचीवर. उंट पळत होते. मी पडद्याच्या वरच्या कडेवर हात आडवा धरला आणि मग तो आणखी वर नेला.

"इथपर्यंत आलं होतं," मी म्हटलं. "दर वर्षी येत नाही. शेठ म्हणतात ते खरं आहे."

मी मांजर्लीच्या त्या बायकांकडे पाहिलं. काल पोट धरून हसणाऱ्या त्या दोघीतिघी आता लाल अक्षरांतला फलक वाचण्यात गढून गेल्या होत्या. एकीने तरी मान हलवावी, हो म्हणावं! मला त्यांचा संताप आला. मग आठवलं, त्यांचीही घरं तिथेच आहेत, त्यांनाही कधीतरी ती विकायची आहेत.

काकांनी चेकबुक खिशात ठेवलं. काकू मात्र उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

"आणि तुम्ही अजून तिथेच राहता?"

"विकायला काढलंय."

"घेणाऱ्याला सांगता हे?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, साधंच विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही. कोणी बघायला आलं की आई पिशवी काढून ठेवते."

काकूंनी मान हलवली. काठीवर जोर देऊन उठल्या आणि मांडीवरची पिशवी माझ्या हातात दिली. "ही राहू द्या तुम्हांला," त्या म्हणाल्या. "आम्हांला आता नाही लागायची."

ते दोघं मंडपातून सावकाश बाहेर गेले. शेजारच्या स्टॉलवर काकांनी एक छत्री घेतलेली मी पाहिली.

शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. गिऱ्हाइकांसमोर ते ओरडत नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हांला वाटतं तुम्ही माझ्या फ्लॅटचा भाव पाडलात? स्वतःच्या फ्लॅटचा पाडलात." मग मला ऑफिसात पाठवून दिलं आणि माझ्या जागी दुसरी मुलगी उभी केली. संध्याकाळी टीव्ही गेला. कोणीतरी लांबच्या गावाहून आलेलं कुटुंब होतं, त्यांनी तळमजला घेतला. त्यांना पिशवीही मिळाली असणार. तिचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नसेल. आपण एकदा खरं बोललो की जग थांबेल, असं वाटण्याचं माझं वयही नव्हतं, पण वाटलं होतं खरं.

मी घरी पोचायच्या आत एजंटचा फोन पोचला होता. आई दारातच उभी होती.

"सगळ्या मंडपाला सांगून आलीस?" ती म्हणाली. "आता कोण घेणार हे? मी काय इथेच मरू, पाण्याची वाट बघत?"

मी तिला काय सांगणार होते? शेठवरचा राग तिला कळला असता, पण त्याचा तिला उपयोग नव्हता. मी काकूंनी परत दिलेली पिशवी टेबलावर ठेवली. आईने ती उचलली, चेन उघडून पाहिली, आमच्या खिळ्यावरच्या जुनाट पिशवीतले कागद काढून तिच्यात भरले आणि नवी पिशवी टांगली. घराचं चित्र पुढच्या बाजूला करून.

महिना उलटत आला तरी एजंट फिरकला नाही. मग एका सकाळी त्याचा फोन आला. एक नवरा-बायको आहेत, लहान मुलगी आहे, इकडचं त्यांना काही माहीत नाही, तेव्हा तोंड जरा आवरा, असं मला उद्देशून म्हणाला. आईने नेहमीसारखं स्टूल ओढलं. वर चढली, हात वर नेला, कडीला बोट लावलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिला अडवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते घर तिच्या नवऱ्याने घेतलेलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडंच होतं. ती बाई दारात होती आणि तिच्या कडेवरची मुलगी वर बघत होती, पिशवीवरच्या घराच्या चित्राकडे. "आई, ते काय गं?" तिने विचारलं. एजंट घाईघाईने म्हणाला, "काही नाही, काही नाही, चला, बेडरूम बघू."

आई स्टुलावरून उतरली. पिशवी खिळ्यावरच होती.

"बेडरूम नंतर बघा," आई त्या बाईला म्हणाली. "आधी बसा, चहा घ्या. मग ती पिशवी तिथे कशाला टांगलीय ते सांगते."